बुद्धिबळाच्या पटावरील एक संख्या

महोत्सवी अंकात गणितावरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, हे आम्ही जाणून आहो. तथापि चार पाने धीर धरावा, अशी त्यांस विनंती आहे. आम्ही येथे एकाच संख्येविषयी लिहिणार आहो. ती संख्या फार मोठी आहे, परंतु तिचे गुणधर्म समजण्यास सातवी-आठवीपर्यंतचे गणित पुरते. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि वर्ग करणे, एवढी शिदोरी असली म्हणजे झाले. घरातील शाळकरी मुलांनी हा लेख पाटी-पेन्सिल अथवा कागद घेऊन वाचावा आणि वडील मंडळींनी शेवटचा भाग तरी अवश्य वाचावा. कारण तो भाग प्रत्येक घराच्या तिजोरीशी निगडित आहे.

ती संख्या अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

हिच्यात वीस अंक आहेत. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपली संख्या त्या अठरा स्थानांतही मावत नाही. ती वाचावयाची झाल्यास १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लक्ष, ५१ हजार ६१५ अशी वाचावी लागेल. निखर्वाच्या स्थानी शून्य आहे, म्हणून ते नाव गळले. ज्या मुलांना ही जुनी नावे निरुपयोगी वाटतात, त्यांना ती कामास आणण्याची ही उत्तम संधी आहे.

पटाची गोष्ट

ही संख्या कोठून आली? आमच्या घरी ही गोष्ट शतरंजची म्हणून सांगत, शाळेत ती बुद्धिबळाची म्हणून ऐकावयास मिळे. गोष्ट एकच. हिंदुस्थानातील एका राजास एका शहाण्या पुरुषाने हा खेळ तयार करून दिला. राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, हवे ते माग. त्याने मागितले ते एवढेच: पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे दर घरात दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जितके दाणे होतील तितके द्यावे. राजास मागणी क्षुल्लक वाटली. कोठारावरील कारकुनांनी हिशेब केला, तेव्हा साऱ्या राज्यात तेवढा गहू नाही असे आढळून आले.

इब्न खल्लिकान (मृत्यू १२८२) यांच्या प्रसिद्ध अरबी चरित्रकोशात ही गोष्ट आली आहे आणि त्या शहाण्या पुरुषाचे नाव सिस्सा असे दिले आहे. केरळातील अंबलपुळा येथील कृष्णमंदिराशीही अशीच एक आख्यायिका जोडलेली आहे. तेथे गव्हाच्या जागी तांदूळ आहे. गोष्ट घडली की नाही, हा प्रश्न इतिहासाचा. दाण्यांची बेरीज मात्र वादातीत आहे आणि ती म्हणजे आपली वर दिलेली संख्या.

अल्बेरुनीचे दोन नियम

चौसष्ट घरांचे दाणे एकेक करून मांडावयाचे व त्यांची बेरीज करावयाची, तर तास दोन तास जातील आणि चूक होण्याचा संभव फार. अल्बेरुनी (जन्म ९७३) हे नाव वाचकांस परिचित असेल. संस्कृत शिकून हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिणारे हेच ते पंडित. त्याआधी, इ. स. १००० च्या सुमारास, लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात त्यांनी ही बेरीज अचूक दिली आहे आणि ती सोप्या रीतीने काढण्याचे दोन नियम सांगितले आहेत. ते आपण आपल्या शब्दांत पाहू.

पहिला नियम. कोणत्याही घरापर्यंतच्या सर्व दाण्यांची बेरीज ही पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एकाने कमी असते. १ + २ + ४ = ७, आणि पुढच्या घरात ८. त्यात ८ मिळवा, १५ झाले. पुढच्या घरात १६. असे का व्हावे? युक्ती सोपी आहे. पहिल्या घरात उसना एक दाणा टाका. १ चे २ झाले. ते दुसऱ्या घरातील २ मध्ये मिळवा, ४ झाले. ते तिसऱ्यातील ४ मध्ये मिळवा, ८ झाले. प्रत्येक वेळी मागचा सारा ढीग पुढच्या घराएवढाच होतो आणि त्याची दुप्पट होते. शेवटी उसना दाणा परत केला की बेरीज पुढच्या घरापेक्षा एकाने कमी राहते. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

दुसरा नियम. एखाद्या घरातील संख्येचा वर्ग केला की पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावर असलेल्या घरातील संख्या मिळते. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे दूर आहे. १६ चा वर्ग २५६, आणि तो पहिल्यापासून आठ घरे दूर असलेल्या नवव्या घरात सापडतो.

आता चौसष्ट घरांची बेरीज हवी, म्हणजे पासष्टावे घर आहे असे समजून त्यातील संख्या काढावयाची व एक वजा करावयाचा. पासष्टावे घर पहिल्यापासून चौसष्ट घरे दूर. म्हणून दोनापासून आरंभ करून सहा वेळा वर्ग करावा:

२, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि शेवटी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

यातून एक वजा केला की आपली संख्या आली. चौसष्ट ओळींचे काम सहा गुणाकारांत झाले. आमच्या वर्गातील मुले शेवटचा गुणाकार चौघाचौघांच्या गटाने करतात व उत्तर जुळले की टाळ्या वाजवतात. मराठीत दाणा म्हणा, उर्दूत दाना म्हणा की कानडीत काळु म्हणा, बेरीज तीच येते. आमच्या बेळगावसारख्या तीन भाषांच्या गावात ही गोष्ट मुलांना विशेष आवडते.

आकाराची कल्पना

गव्हाचे सुमारे पंचवीस दाणे एक ग्रॅम भरतात असे धरू. पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे आठ घरांत, २५५ दाणे. वजन दहा ग्रॅम, केवळ चिमूटभर. दोन ओळींत ६५,५३५ दाणे. वजन अडीच किलोच्या वर थोडे. तीन ओळींत १,६७,७७,२१५ दाणे. वजन सुमारे ६७० किलो, म्हणजे पन्नास किलोची तेरा-चौदा पोती. चार ओळींत, म्हणजे अर्ध्या पटावर, ४,२९,४९,६७,२९५ दाणे. वजन सुमारे १७२ टन. एखाद्या बऱ्या व्यापाऱ्याच्या वखारीत एवढा गहू असू शकेल. अर्धा पट भरेपर्यंत राजास घाबरण्याचे कारण नव्हते.

घात होतो तो दुसऱ्या अर्ध्यात. सारा पट भरला की गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. साऱ्या जगात अलीकडे एका वर्षात सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सध्याच्या हिशेबाने जगाचे नऊशे वर्षांहून अधिक काळचे पीक राजाने द्यावयास हवे. दर सेकंदास एक या वेगाने हे दाणे नुसते मोजावयाचे म्हटले तरी ५८,४०० कोटींहून अधिक वर्षे लागतील. शास्त्रज्ञांच्या मते विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

संख्येचे अवयव

एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडावयाचे म्हटले तर मुले कपाळाला हात लावतात. आरंभ मात्र सोपा आहे. एकंस्थानी ५ आहे, तेव्हा ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून आपल्या संख्येसही ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. एवढे कळल्यावर पुढे काय? येथे बीजगणितातील एक जुना मित्र धावून येतो. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला, तर उरलेली संख्या म्हणजे त्या संख्येहून एकाने कमी आणि एकाने अधिक अशा दोन संख्यांचा गुणाकार. उदाहरणार्थ, १६ चा वर्ग २५६; एक वजा करून २५५; आणि २५५ = १५ × १७.

आपली संख्याही एका वर्गातून एक वजा करून मिळाली आहे. म्हणून ती

४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७

अशी फुटते. यातील पहिली संख्या म्हणजे अर्ध्या पटावरील दाणे. तीही पुन्हा वर्गातून एक वजा करून मिळालेली; म्हणून ती ६५,५३५ × ६५,५३७ अशी फुटते. ६५,५३५ म्हणजे २५५ × २५७. २५५ म्हणजे १५ × १७. १५ म्हणजे ३ × ५. याप्रमाणे आपली संख्या

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

अशी मांडता आली. एक घासही न भागता एवढे काम झाले!

या सहा संख्यांचा एक सुंदर गुण आहे. ३ × ५ = १५, त्यात २ मिळवा, १७. ३ × ५ × १७ = २५५, त्यात २ मिळवा, २५७. अशा रीतीने आधीच्या साऱ्यांचा गुणाकार करून २ मिळविले की पुढची संख्या येते. म्हणून यांतील कोणत्याही दोन संख्यांना समान विभाजक असू शकत नाही. असलाच तर त्याने २ लाही भाग जावयास हवा, आणि या साऱ्या संख्या तर विषम आहेत. गोल्डबाख या गणितज्ञाने १७३० साली यावरूनच मूळ संख्या अगणित आहेत, हे दाखविले. ही माळ कितीही लांबविता येते, आणि प्रत्येक मण्यास निदान एक तरी नवी मूळ संख्या भागते. तेव्हा मूळ संख्या संपणार कशा?

फर्मा यांचा तर्क आणि ऑयलर यांची परीक्षा

आता या सहा संख्या स्वतः मूळ आहेत काय? ३, ५ आणि १७ मूळ आहेत हे कोणीही सांगेल. २५७ साठी ३, ५, ७, ११ आणि १३ यांनी भागून पाहिले की पुरे. एकानेही भाग जात नाही. ६५,५३७ साठी २५६ पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण शेवटी तीही मूळच ठरते. पाचही संख्या मूळ निघाल्या.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेचे सदस्य पिएर द फर्मा हे फावल्या वेळात गणित करीत. त्यांनी १६४० साली पत्रांतून असे मत मांडले की या माळेतील प्रत्येक संख्या मूळच असावी. निर्दोष सिद्धता आपल्या हाती नाही, हेही त्यांनी लिहिले होते. पाच उदाहरणे अनुकूल होती आणि सांगणारा माणूस मोठा होता. सहावी संख्या चार अब्जांच्या वर होती. तिची परीक्षा करणे सोपे नव्हते. जवळजवळ नव्वद वर्षे तो तर्क तसाच राहिला. १७२९ साली गोल्डबाख यांनी पत्र लिहून ऑयलर यांचे लक्ष तिकडे वेधले आणि १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ऑयलर यांनी दाखवून दिले की सहावी संख्या मूळ नाही:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

मुलांनी हे पडताळून पाहावे. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणून ४,०२,०२,५०,२०० येतात. ४० ने गुणून २६,८०,१६,६८०. १ ने गुणून ६७,००,४१७. तिन्हींची बेरीज बरोबर ४,२९,४९,६७,२९७.

ऑयलर यांना ६४१ हाच आकडा कसा सापडला, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात. या सहाव्या संख्येस जर एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येस ६४ ने भागून बाकी १ उरलीच पाहिजे, असे ऑयलर यांनी सिद्ध केले. अशा मूळ संख्या थोड्याच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच प्रयत्नात उत्तर! अंधारात चाचपडण्याऐवजी आधी विचार केला म्हणजे श्रम किती वाचतात, याचा हा धडा आहे.

गुणाकार न करताही ६४१ चा भाग जातो हे दाखविता येते, आणि ही सिद्धता आम्हांस इतकी प्रिय आहे की ती दिल्यावाचून राहवत नाही. ६४१ कडे दोन प्रकारे पाहा. एक: ६४१ = ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ × १२८, म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. दोन: ६४१ = ६२५ + १६, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. आता ६४० चा चौथा घात घ्या. तो ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात इतका होतो. त्यात १६ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, मिळवा. बेरीज ६४१ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. तिला ६४१ ने भाग जातोच. दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला तर जे उरते त्यालाही ६४१ ने भाग जातो. कारण ६४० च्या वर्गातून १ वजा केला तर ६३९ × ६४१ येतात. पहिल्या बेरजेतून ही दुसरी संख्या वजा करा. ६४० चा चौथा घात उडाला आणि उरला दोनाचा बत्तिसावा घात अधिक १. तीच आपली सहावी संख्या. दोन्ही संख्यांना ६४१ ने भाग जात असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीसही जातो. सिद्धता पूर्ण झाली.

६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे. तेव्हा आपल्या वीस अंकी संख्येचे सारे मूळ अवयव हाती आले:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात अवयव, सारे वेगवेगळे. विभाजक बनविताना यांतील प्रत्येक अवयव घ्यावा अथवा सोडावा, अशा दोनच वाटा आहेत. म्हणून एकंदर विभाजक दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. पटाच्या आठव्या घरातही १२८ दाणेच आहेत, ही मौज पाहावी.

फर्मा यांच्या माळेत पाचाखेरीज आणखी एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पाच मात्र फार मोलाच्या निघाल्या. गाउस यांनी १७९६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आत, केवळ पट्टी व कंपास यांनी सतरा समान भुजांची आकृती काढता येते हे दाखविले. त्याच्या मुळाशी १७ ही त्या माळेतील संख्या असणे, हेच कारण होते.

तीच संख्या अन्यत्र

१८८३ साली फ्रान्समधील गणितज्ञ ल्यूका यांनी एक खेळ काढला. तीन खुंट्या, एकीवर लहानमोठ्या चकत्यांचा मनोरा. एका वेळी एकच चकती हलवावयाची, मोठी चकती लहानीवर ठेवावयाची नाही आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. खेळाबरोबर एक कथा प्रचलित झाली की काशीच्या देवळात चौसष्ट सुवर्णचकत्यांचा असा मनोरा आहे व तो हलवून पूर्ण होताच जगाचा अंत होईल. काशीकरांना ती ठाऊक नसल्यास नवल नाही. ती फ्रान्समध्येच रचलेली आहे. गणित मात्र खरे. एक चकती वाढली की आधीचे सारे काम दोनदा करावे लागते व मध्ये एक चाल अधिक. म्हणून चाली १, ३, ७, १५ अशा वाढतात आणि चौसष्ट चकत्यांस कमीत कमी चाली लागतात त्या आपल्याच संख्येइतक्या.

आजच्या संगणकात आणि पुष्कळशा मोबाइल फोनांत एका वेळी शून्य अथवा एक अशी चौसष्ट चिन्हे हाताळली जातात. त्या चौसष्ट घरांत लिहिता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. सिस्साच्या पटावरील घरे आता आपल्या खिशात आहेत, असे म्हटले तरी चालेल.

साखळीचा हिशेब

आता वडील मंडळींसाठी. साखळीच्या योजना आपणांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एकाने पैसे भरावे, आपल्याखाली दोघांस आणावे, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांस आणावे. खालच्यांनी भरलेल्या पैशांतून वरच्यांस दामदुप्पट मिळावी. नाव दर वेळी निराळे असते. कधी वस्तू विकण्याचे निमित्त असते, कधी परदेशी नाण्याचे. अशा योजनांस आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या नव्या रूपात येत राहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतही एक आली होती. पहिल्या पाच महिन्यांत शेजारच्या पाच घरांस खरोखरच पैसे मिळाले, त्यामुळे विश्वास बसला. सहाव्या महिन्यापासून पैसे येईनासे झाले. शिवणकाम करून मुलीच्या शिक्षणासाठी जमविलेली रक्कम एका आईने त्यात घातली होती. तिची मुलगी आमच्या नववीच्या वर्गात होती. पटाचा हिशेब फळ्यावर चालला असता तिने उभे राहून विचारले, "सर, मग शेवटच्या ओळीतल्यांना कोण देणार?"

हा प्रश्न आमच्या साऱ्या धड्याहून मोलाचा होता. अल्बेरुनीचा पहिला नियम आठवा. पहिल्या ओळीत एक माणूस, दुसरीत दोन, तिसरीत चार. शेवटच्या ओळीतील माणसे ही वरच्या साऱ्या माणसांपेक्षा एकाने अधिक असतात. दहा ओळी झाल्या तर एकंदर माणसे १,०२३. त्यांपैकी ५१२ शेवटच्या ओळीत. साखळी केव्हाही थांबो, दहाव्या ओळीवर वा विसाव्या, निम्म्याहून अधिक माणसे शेवटच्या ओळीतच असणार आणि त्यांचे पैसे गेलेलेच असणार. पैसे परत मिळण्यास खाली दोन ओळी लागत असतील, तर चारांतील तिघे बुडणार. यात चालकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही. तो साधू असला तरी हिशेब बदलत नाही.

आणि साखळी थांबणार हेही निश्चित आहे. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच लाख होती. एकोणिसाव्या ओळीशी एकंदर माणसे ५,२४,२८७ होतात, म्हणजे गाव संपले. जगाची लोकसंख्या २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटींवर गेली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. तेहतिसाव्या ओळीशी माणसे ८५८ कोटींच्या वर होतात, म्हणजे जग संपले. पटाचे तेहतिसावे घर म्हणजे दुसऱ्या अर्ध्याचे पहिले घर. चौसष्ट घरांची बात दूरच.

शेजाऱ्यांना पाच वेळा पैसे मिळाले म्हणून सहाव्या वेळीही मिळतील, हे अनुमान आणि पाच संख्या मूळ निघाल्या म्हणून सहावीही मूळ असेल, हे अनुमान, दोन्ही एकाच जातीची. फर्मा यांच्या तर्काने कोणाचे घर बुडाले नाही. शिवाय आपल्याजवळ सिद्धता नाही हे त्यांनी लिहून ठेवले होते. योजना घेऊन दारी येणारा मनुष्य तेवढेही सांगत नाही. म्हणून त्याला एकच विचारावे: शेवटच्या ओळीतल्यांना कोण देणार? उत्तर कागदावर मांडून मागावे. गोड बोलणे, पाच जणांचे दाखले आणि मोठ्या माणसाचे नाव यांनी सिद्धता होत नाही.

दुपटीने वाढणारी प्रत्येक गोष्ट वाईट असते, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एकाने दोघांना शिकविले आणि त्या दोघांनी चौघांना, तर तीही साखळीच. तीही कोठेतरी थांबेल, कारण माणसे संपतील. परंतु येथे शेवटच्या ओळीतील मनुष्य रिकाम्या हाताने राहत नाही. त्याला मिळावयाचे ते मिळालेले असते आणि देणाऱ्याचेही काही उणे झालेले नसते. संस्थेच्या पुढील वर्षांत अशी साखळी लांबत जावो, ही आमची शुभेच्छा.

मुलांसाठी चार प्रश्न

१. आपल्या संख्येस ७ ने व ११ ने भाग जातो काय? सारी संख्या न भागता केवळ अवयवांवरून सांगा.

२. चौसष्टाव्या घरातील दाण्यांच्या संख्येचा एकंस्थानचा अंक कोणता? २, ४, ८, ६ हा फेरा पाहून काढा.

३. सहा चकत्यांचा मनोरा हलविण्यास कमीत कमी किती चाली लागतील?

४. साखळीत प्रत्येकाने दोघांऐवजी तिघांना आणावयाचे ठरले, तर शेवटच्या ओळीतील माणसे एकंदरांच्या निम्म्याहून अधिक असतील की कमी? पाच ओळी मांडून पाहा आणि उत्तर घरातील मोठ्यांना समजावून सांगा.